छातीतलं बिघडलेलं टाइमटेबल

ऑफिसात प्रेझेंटेशनच्या आधी धडधडलं की शेजारच्या क्युबिकलमधून एक गोळी सरकवली जाते. घरी आईच्या डब्यात मात्र रोजच्या तीन वेगवेगळ्या गोळ्या असतात. सगळ्या ‘हार्टबीट’च्याच, मग फरक काय? हे कळायला मला तीन पावसाळे लागले.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. क्वार्टर संपत आलेलं, क्लायंट कॉलला अर्धा तास बाकी, पोटात सकाळपासून चार कॉफ्या आणि रात्रीची झोप जेमतेम चार तासांची. अचानक छातीत मासळी उडावी तसं झालं. एक ठोका गायब, मग पुढचा एकदम दणकून. परत तेच. शेजारच्या मित्राने चेहरा बघितला, ड्रॉवर उघडला आणि म्हणाला, ‘‘अर्धी घे बॉस, एकदम कूल होशील. मी दर रिव्ह्यूला घेतो.’’

पाकिटावर नाव होतं प्रोप्रॅनोलॉल. गोळी तशी खानदानी आहे बरं का. जेम्स ब्लॅक नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ती शोधली आणि १९८८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. अॅड्रेनलिन हृदयाला ‘पळ, पळ’ सांगत असतं. ही गोळी त्याच्या कानात बोळे घालते. हात थरथरायचे थांबतात, ठोके खाली येतात. स्टेजवर जाणारे कलाकार ती घेतात, हेही खरं. पण हीच गोळी दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळू शकते. आणि मला लहानपणी दमा होता. मित्राला हे माहीत असायचं कारण नव्हतं, त्याने विचारलंही नव्हतं. मी गोळी खिशात टाकली आणि कॉल तसाच धडधडत उरकला.

नंतर रीतसर तपासणी झाली. ईसीजी, थायरॉइड, छातीला वायरी चिकटवून चोवीस तासांचा होल्टर. (होल्टर लावून गर्दीच्या लोकलमध्ये चढून बघा. डब्यातले लोक आपल्यापासून चार इंच लांब उभे राहतात. मुंबईत हा सुखाचा कळस.) निकाल : अधूनमधून पडणारे जादा ठोके. हृदयाची रचना ठणठणीत. डॉक्टरांनी औषधाच्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि म्हणाले, ‘‘कॉफी कमी, झोप जास्त. गोळी नाही.’’

मला जरा फसवल्यासारखंच वाटलं. एवढ्या टेस्ट केल्या आणि गोळी नाही? त्यावर त्यांनी १९८९ ची गोष्ट सांगितली. तोवर अनेक डॉक्टरांचा समज होता, की हार्ट अॅटॅकनंतर असे जादा ठोके पडत असतील तर ते दाबून टाकावेत म्हणजे माणूस वाचेल. तर्क अगदी बिनतोड. मग ‘कास्ट’ नावाची मोठी चाचणी झाली. फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड या औषधांनी ठोके छान दाबले गेले, ईसीजी बघण्यासारखे झाले. आणि औषध घेणारे पेशंट साखरेची गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त संख्येने दगावले. चाचणीचा तो भाग मधेच थांबवावा लागला. ताल सुधारणारं औषध स्वतःच ताल बिघडवू शकतं, हे डॉक्टरमंडळी तेव्हापासून विसरलेली नाहीत. आपण ड्रॉवरमधून गोळ्या वाटतो, ते वेगळं.

पुलावरची गाडी

पण माझी धडधड हा ट्रेलर होता. पिक्चर त्याआधीच, २०२१ च्या पावसाळ्यात सुरू झाला होता, आणि त्यात हिरॉइन होती माझी आई.

आम्ही वैतरणाचे. विरार संपलं, की तुमच्यापैकी बहुतेकांची मुंबई संपते. आमचं स्टेशन त्यानंतरचं पहिलं. खाडी, खारफुटी, लांबलचक रेल्वे पूल आणि मोजक्या गाड्या. डहाणूपर्यंत लोकल २०१३ मध्ये आली, त्याआधी तर शटल आणि पॅसेंजरच्या भरवशावरच सगळं. पलीकडच्या वाढीव गावची माणसं वर्षानुवर्षं रेल्वे पुलावरून चालत स्टेशन गाठत आली आहेत. इथे ‘जरा ईसीजी काढून येतो’ म्हणजे एक दिवस गेला.

आई स्टेशनचा जिना चढताना मधेच बसली. म्हणाली, ‘‘छातीत पाखरू फडफडतंय रे.’’ मी नाडी बघितली. वेगात तर होतीच. पण दोन ठोके जवळजवळ, एक लांब, मग तीन घाईत, मग काहीच नाही. कुठलाच हिशोब लागेना. पालघरला ईसीजी झाला आणि डॉक्टर म्हणाले, ‘एएफ’. म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन.

हे प्रकरण समजायला विरार लोकलचं दार डोळ्यासमोर आणा. एरवी हृदयाच्या वरच्या कप्प्यातून मिनिटाला साठ ते शंभर हुकूम सुटतात, मधल्या दारातून शिस्तीत खाली उतरतात आणि खालचे कप्पे रक्त ढकलतात. एएफमध्ये वरच्या कप्प्यात मिनिटाला तीनशे ते सहाशे विजेचे झटके धक्काबुक्की करत असतात. दारातून जो घुसला तो घुसला. त्यामुळे खाली ना वेळ, ना ताल. आणि वरचा कप्पा आकुंचन न पावता नुसता थरथरत राहतो.

इकोत पुढची गोष्ट कळली. आईची मायट्रल झडप अरुंद झाली होती. तिला आठवलं, दहाएक वर्षांची असताना घसा धरला, ताप आला, मग गुडघे-घोटे सुजले आणि दोन महिने शाळा बुडाली. ऱ्हुमॅटिक फिव्हर. घशातल्या जंतूंशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच झडपेवर हल्ला करतं आणि त्याचं बिल तीस-चाळीस वर्षांनी येतं. पेनिसिलिन वेळेवर मिळालं, तर हा आजार टळू शकतो. १९७० च्या दशकात आमच्या गावात ते कोण देणार होतं?

मला वाटलं होतं, डॉक्टर एक ‘ताल सुधारायची’ गोळी देतील. त्यांनी रिपोर्टच्या मागे तीन शब्द लिहिले : गुठळी, वेग, ताल. ‘‘ह्याच क्रमाने विचार करायचा,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्हाला शेवटच्याची घाई आहे, मला पहिल्याची.’’

सगळ्यात महत्त्वाची गोळी ठोक्याला हातच लावत नाही

थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं. साचलं की गोठतं. ती गुठळी सुटली की थेट मेंदूकडे. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावातल्या लोकांच्या तब्येतीचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. त्यातून १९७८ मध्ये निष्कर्ष आला, की एएफ असेल तर पक्षाघाताची शक्यता सुमारे पाचपट होते आणि सोबत ऱ्हुमॅटिक झडप असेल तर सुमारे सतरापट. सतरा! आईची धडधड थांबवणं हा आरामाचा प्रश्न होता, गुठळी थांबवणं हा जिवाचा. आणि गुठळी रोखणाऱ्या गोळीने धडधडीत तसूभरही फरक पडत नाही. म्हणूनच अनेक जण ‘काही फायदा नाही’ म्हणत नेमकी तीच गोळी सोडतात.

आईला मिळालं अॅसेनोकूमेरॉल. दुकानात ‘अॅसिट्रॉम’ म्हटलं की आपल्याकडे पटकन कळतं. त्याचा थोरला भाऊ वॉरफरिन, आणि त्याची जन्मकथा भन्नाट आहे. १९२० च्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेच्या गोठ्यांत गुरं रक्तस्रावाने मरायला लागली. दोष निघाला कुजलेल्या चाऱ्यात. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातलं द्रव्य वेगळं काढलं. त्याचंच पुढचं रूप म्हणजे वॉरफरिन. ते १९४८ मध्ये बाजारात आलं ते उंदीर मारायला, आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हार्ट अॅटॅक आला, तेव्हा त्यांनाही दिलं गेलं. हे मी कौतुकाने आईला सांगायला गेलो आणि पस्तावलो. ‘‘म्हणजे मला उंदराचं औषध चालू केलंय तुम्ही?’’ दोन दिवस गोळी घ्यायला तयार नव्हती. आयसेनहॉवर कोण, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

या गोळीची मात्रा ठरलेली नसते. रक्त तपासून आयएनआर नावाचा आकडा काढायचा. औषध न घेणाऱ्या माणसाचा तो साधारण एक असतो. आईचा दोन ते तीनच्या मध्ये हवा. दोनच्या खाली गुठळीची भीती, तीनच्या वर गेला की रक्तस्रावाची भीती वाढत जाते. सुरुवातीला दर आठवड्याला, मग महिन्याला सुई. पालघरला जायचं, रक्त द्यायचं, संध्याकाळी रिपोर्टचा फोटो डॉक्टरांना पाठवायचा, ते सांगतील तेवढी गोळी : आज अख्खी, उद्या अर्धी.

वेळ रोज तीच हवी म्हणून आईने आपला उपाय काढला. संध्याकाळची एक ठरावीक गाडी पुलावरून धडधडत गेली, की गोळी. आयडिया सॉलिड होती. पश्चिम रेल्वेने आठवड्याभरात ती मोडीत काढली. आता मोबाइलचा अलार्म आहे.

बाकी दोन गोळ्या वेगासाठी. मेटोप्रोलॉल, म्हणजे माझ्या मित्राच्या ड्रॉवरमधल्या गोळीची चुलत बहीण, मधलं दार थोडं लोटून धरते. वरची धक्काबुक्की चालूच राहते, पण खाली कमी लोक उतरतात. आणि जोडीला अगदी छोट्या डोसात डिगॉक्सिन. डिगॉक्सिनचं घराणं तर त्याहून जुनं. विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरने फॉक्सग्लोव्ह या फुलझाडावरचं पुस्तक १७८५ मध्ये लिहिलं. आपल्या अंगणातली पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तिच्यातली विषंही याच जातकुळीची. औषध आणि विष यांच्यातलं अंतर इथे फार थोडं आहे. मळमळ, भूक जाणं, सगळं पिवळट दिसणं असं काही झालं, की लगेच डॉक्टरांना फोन, हे आईने पाठ केलंय.

आणि ताल? तो तसाच बेताल ठेवला! मला हे झेपलंच नाही आधी. मी नेटवर वाचून अमायोडॅरोनचं नाव घेऊन गेलो होतो. डॉक्टर हसले. औषध तगडं आहे, पण वजनाच्या जवळपास ३७ टक्के नुसतं आयोडीन. थायरॉइड बिघडू शकतं, फुप्फुसाला आणि यकृताला त्रास होऊ शकतो, उन्हात त्वचा पोळते, आणि बंद केल्यावरही ते आठवडे, महिने शरीरात मुक्कामाला असतं. शिवाय अॅसेनोकूमेरॉलसोबत दिलं, तर आयएनआर भराभर वर. आईचा वरचा कप्पा वर्षानुवर्षांच्या दाबाने इतका ताणला गेलाय, की ताल आणला तरी टिकायची आशा कमी. सगळ्यांचं असं नसतं. २००२ मध्ये ‘अफर्म’ चाचणीत ताल सुधारणं आणि नुसता वेग आवरणं यांत जगण्या-मरण्याचा फरक दिसला नव्हता. २०२० च्या ‘ईस्ट’ चाचणीत मात्र एएफ नुकताच सापडलेल्यांचा ताल लवकर सावरला तर फायदा दिसला. ज्यांची झडप धड आहे आणि आजार ताजा आहे, त्यांच्याबाबतीत तालाचा, अगदी अॅब्लेशनचाही विचार होतो. म्हणजे माझ्या आईचं प्रिस्क्रिप्शन तुमच्या बाबांना लावू नका. हेच तर मी करायला निघालो होतो, फक्त उलट्या दिशेने.

मामाचा ‘शॉर्टकट’

आमचा मामा बोईसरला. तारापूर एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कंपनीत शिफ्टला आहे. त्याच्या हातून ड्रम भरभरून पावडर जाते, गोळ्या दुसरीकडे कुठेतरी बनतात. त्यामुळे घरात औषधांवरचा शेवटचा शब्द त्याचा. तो एका रविवारी आला आणि म्हणाला, ‘‘ताई, कशाला सुया टोचून घेतेस? आता नवीन गोळ्या आल्यात. रोज एक, टेस्टची भानगड नाही. आमच्या सुपरवायझरचे वडील घेतात.’’

मामा चुकीचं बोलत नव्हता. डॅबिगॅट्रानची मोठी चाचणी २००९ मध्ये आली, रिव्हारोक्साबॅन आणि अॅपिक्साबॅनच्या २०११ मध्ये. काही दिवसातून एकदा, काही दोनदा, पण मात्रा ठरलेली आणि आयएनआर नाही. मेंदूतला रक्तस्राव जुन्या गोळीपेक्षा कमी. मूत्रपिंडाची तपासणी मात्र अधूनमधून लागतेच, आणि डोस चुकवायचा नाही. कारण असर दिवसाभरात ओसरतो. ज्यांची झडप चांगली आहे, अशा एएफच्या बहुतेक पेशंटना आज आधी याच गोळ्या सुचवल्या जातात.

मी खूश! महिन्याची हाफ डे वाचणार, आईची पालघरवारी वाचणार. खरं सांगू? मला माझी हाफ डेच जास्त दिसत होती. मी मुंबईत औषधाच्या दुकानातून रिव्हारोक्साबॅनची पट्टी आणली. प्रिस्क्रिप्शन कोणी मागितलं नाही. घरी येऊन आईला म्हटलं, उद्यापासून ही. आईने पट्टी उलटीपालटी केली, डब्याखाली ठेवली आणि म्हणाली, ‘‘डॉक्टरांना फोन कर आधी.’’

फोनवर ते आधी शांत होते. मग म्हणाले, ‘‘जुनी चालू ठेवा, ती पट्टी परत करा, आणि शनिवारी तुम्ही एकटे या.’’

शनिवारी क्लास घेतला माझा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ‘इन्व्हिक्टस’ नावाच्या चाचणीचा निकाल आला. भारतासह २४ देश, साडेचार हजारांहून जास्त पेशंट, सगळ्यांना ऱ्हुमॅटिक झडपेचा आजार आणि एएफ. सरासरी वय जेमतेम पन्नास, आणि चारांत जवळपास तीन बायका. थोडक्यात, माझी आईच. ही चाचणी चालवणाऱ्यांत दिल्लीच्या एम्सचे डॉ. गणेशन कार्तिकेयन होते. निम्म्यांना रिव्हारोक्साबॅन, निम्म्यांना वॉरफरिनच्या कुळातली जुनी गोळी. अनेकांची अपेक्षा होती, की नवीन गोळी निदान बरोबरी तरी करेल. झालं उलटं. जुनी गोळी घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले, आणि रक्तस्रावही काही जास्त झाला नाही.

‘‘तुमच्या मामांच्या सुपरवायझरच्या वडिलांची झडप कशी आहे, मला माहीत नाही,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘तुमच्या आईची माहीत आहे.’’ मेकॅनिकल झडप बसवलेल्यांनाही या नवीन गोळ्या चालत नाहीत, हे जाता जाता सांगितलं.

परतीच्या गाडीत, विरारनंतर डबा रिकामा होतो तेव्हा, मला घाम फुटला. आईने विचारलं नसतं तर?

टाकळा, कुर्डू आणि गुडघा

त्यानंतर मी आयएनआरचा आकडा गंभीरपणे घ्यायला लागलो. कालनिर्णयच्या चौकोनांत आई तो पेन्सिलीने लिहिते, दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी. एकदा मी सगळी पानं उलटून बघितली, तर दर जुलै-ऑगस्टला आकडा खाली. गोळ्या तर नियमित. मग लक्षात आलं : रानभाज्या! पहिल्या पावसानंतर आमच्याकडे टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला यांची नुसती चंगळ असते. हिरव्या पालेभाजीत के जीवनसत्त्व भरपूर, आणि अॅसेनोकूमेरॉलचं काम चालतं ते त्याच जीवनसत्त्वाला अडवून. आई दोन महिने रोज टाकळा खात होती आणि गोळीची ताकद कमी होत होती.

मला वाटलं, आता डॉक्टर भाजी बंद करणार. त्यांनी केली नाही. म्हणाले, ‘‘खाऊ दे. फक्त एकदम रोज आणि मग एकदम बंद, असं नको. आणि सीझन सुरू झाला की मला सांगा, आपण तपासणी वाढवू.’’ हा माणूस मला तेव्हा फार आवडला.

दुसरा धडा जास्त महाग पडला. गुडघा दुखतो म्हणून आईने एका दुकानातून दुखण्याची गोळी आणली. तिथे कोणी विचारलं नाही, ‘आणखी काय चालू आहे?’ तिनेही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबेना. रात्र, बाहेर पाऊस, पुढची गाडी दीड तासाने. मी शेजाऱ्याची गाडी काढली आणि हायवेने निघालो. आकडा निघाला ५.८. तिथे के जीवनसत्त्व दिलं, गोळी दोन दिवस बंद ठेवली, निभावलं. आता पर्समध्ये एक कार्ड असतं : रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, नाव, मात्रा, शेवटचा आयएनआर. तुमच्या घरी कोणी ही गोळी घेत असेल, तर असं कार्ड आजच करा. आणि चेहरा वाकडा होणं, हात लुळा पडणं, बोबडी वळणं, यांतलं काहीही दिसलं तर गाडीची, रविवारची, कशाचीच वाट बघू नका.

ऑफिसातल्या मित्राचं राहिलंच. त्याला मी आईची सगळी गोष्ट सांगितली. त्याने ड्रॉवर बंद केला, दोन दिवसांनी हळूच विचारलं, ‘‘तुझे ते डॉक्टर शनिवारी बसतात ना?’’

गेल्या आठवड्यात आईचा आकडा २.४ आला. तिने तो चौकोनात लिहिला, पान उलटून पुढचा महिना बघितला आणि म्हणाली, ‘‘त्यांना आत्ताच सांगून ठेव, पंधरा दिवसांत टाकळा येतोय.’’